एका नंबरला दोन मशिनी

कापसाच्या मिलमधून घरी निघताना अंग कितीही झटका, रुईचे चार तंतू बरोबर येतातच. किस्सेही तसेच. सेलूच्या आमच्या जिनिंगमध्ये मशिनींना तेल-ग्रीस देण्यात माझी तीस वर्षं गेली. शिकलो चौथीपर्यंत, पण कान देऊन ऐकायला शाळा लागत नाही.

*

मशिनींना संगणक जोडला तेव्हा इंजिनिअर म्हणाले, "प्रत्येक मशिनीला आपला वेगळा पत्ता लागतो, म्हणजे एक नंबर. ऑफिसातला स्क्रीन त्या नंबरला हाक मारतो, मशीन ओ देते. गाठी बांधणाऱ्या प्रेसला कोणता देऊ?"

"एकशे एक," शेठ म्हणाले. "आपल्यात शुभ काम एकशे एकनंच व्हतं."

पुढच्या हंगामात रुई वाहून नेणारा नवा पट्टा आला. इंजिनिअरही नवा. त्यानंही नंबर विचारला.

"एकशे एक! एकीला शुभ अन् दुसरीला बिनशुभ, असला भेदभाव आमच्याकडं न्हाई!"

*

झालं! एका हाकेला दोघी ओ देऊ लागल्या. पट्टा थांबला की स्क्रीनवर धडधडती प्रेसच बंद दिसायची. प्रेसवर होता पोखर्णीचा निवृत्ती. दोन लेकींची शिक्षणं त्याच्या या कामावर चाललेली.

मॅनेजरसाहेब धावत आले. "झोपला व्हतास का रे?"

"साहेब, ह्या आवाजात मेलेला उठून बसंल, मी कसा झोपू?"

साहेबांनी वहीत लिहिलं, 'कामावर झोप.' आमच्याकडे असे तीन शेरे झाले की माणूस घरी.

*

इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "एकेक यंत्र बंद करून बघा, गोंधळ कशानं थांबतो ते."

साहेबांनी सुरुवात ऑफिसातल्या स्क्रीनपासून केली. मग आनंदानं ओरडले, "थांबला! आता काहीच बंद दिसंना!"

शेठनी त्यांची पाठ थोपटली.

*

स्क्रीन पुन्हा लावल्यावर मी तेल देता देता पट्ट्यावर नजर ठेवली आणि पट्टा थांबला की प्रेस बंद दिसते, हे इंजिनिअरला फोनवर हळूच सांगितलं. तो म्हणाला, "मामा, दोघींचा नंबर एकच असणार! एकीचा बदला."

शेठ म्हणाले, "नंबर बदलायचा न्हाई."

तेव्हा साहेबांनी नोटीस काढली, 'एका वेळी एकाच मशिनीने उत्तर द्यावे.' दोन्ही पॅनलवर चिकटवलीसुद्धा!

निवृत्तीनं विचारलं, "साहेब, वाचल्याची सही कोनाची घ्यायची?"

दुसरा शेरा पडला, 'उलट बोलणे.'

त्या दुपारी त्यानं डबा उघडला आणि तसाच झाकला. "मामा, उद्या बी पट्टा थांबणारच की," एवढंच म्हणाला. मी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच इंजिनिअर स्वतः आला. शेठचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग पट्ट्याचं पॅनल उघडून आत एकशे दोन केलं, ऑफिसातल्या संगणकालाही तसं कळवलं, आणि रंगाचा डबा मागवून दोन्ही पॅनलवर बाहेरून ठळक आकडा काढला, १०१!

शेठ आले. दोन्ही आकड्यांना कुंकू लावलं. पट्टा थांबला, प्रेस चालू राहिली, आणि स्क्रीननं जसं होतं तसं दाखवलं.

"बघा!" शेठ म्हणाले. "नंबर सोडला न्हाई, म्हणून सगळं सुधरलं!"

आठ दिवस एकही तक्रार नाही. साहेबांनी वही उघडली, निवृत्तीचे दोन्ही शेरे खोडले आणि खाली लिहिलं, 'वर्तणुकीत समाधानकारक सुधारणा.' मग वही त्याच्यापुढे धरली. "कर सही."

निवृत्तीनं ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली आणि विचारलं, "कोनाच्या वर्तणुकीत, साहेब?"