नागिणीची दोन टोकं

आमच्या बदनापुरात कुणाला नागीण झाली की पहिला प्रश्न एकच असतो: टोकं कुठवर आली? अंगावर पाण्याचे फोड उठतात, त्यांचा पट्टा पाठीकडून पोटाकडे सरकत येतो आणि त्याची दोन टोकं एकमेकांना भिडली की माणूस गेलं, असं इथे लहानथोर सगळे मानतात. मला बावन्नाव्या वर्षी नागीण झाली ती डाव्या बाजूला, छातीखालून थेट पाठीपर्यंत. सगळ्या गल्लीचे ब्लाउज शिवून देणारी मी, पण मला स्वतःला ब्लाउज घालवेना. कापड टेकलं तरी आग व्हायची. दिवसभर सैल मॅक्सी घालून बाजेवर पडायचं आणि चादर टाकून ठेवलेल्या शिलाई मशीनकडे बघायचं, एवढंच काम उरलं होतं.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. पण घरातला खरा इलाज सासूच्या हाती होता. मी त्यांना आत्याबाई म्हणते. पंच्याहत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारी बाई. पण रोज सकाळी दूर्वा आणि तांदूळ पाट्यावर वाटायच्या, माझ्या पाठीला गारगार लेप लावायच्या आणि दोन्ही टोकं बोटानं तपासायच्या. "कालच्याच जागी हाय. तू बिलकुल भिऊ नको," असं म्हणून त्याच पावली स्वयंपाकघरात जायच्या.

मला भीती वाटत नव्हती, लाज वाटत होती. भाकरी थापल्याचा आवाज आला की मी बाजेवर अंग चोरून घ्यायचे. या घरात आले तेव्हापासून तो आवाज माझ्या हातचा होता. आत्याबाईंनी एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मीही एकाला दोन ऐकवले असते. त्यात मी कुणाला हार जात नाही. पण त्या चांगल्या वागत होत्या, आणि चांगल्या वागणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? नवरा जालन्याच्या गाडीला निघायच्या आधी अंगण झाडायचा. झाडायचा म्हणजे कचऱ्याची जागा बदलायचा. समोरची शेजारीण ओट्यावर उभी राहून ते बघायची आणि मला वाटायचं, झालं, आता दुपारपर्यंत गावभर होणार.

शेवटी खपल्या पडल्या. टोकं काही भिडली नाहीत. आत्याबाईंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि बऱ्याच दिवसांनी दुपारच्या वेळी पाय लांब करून बसल्या. पाय सुजले होते. ती सूज बघून मी मनात ठरवून टाकलं की आता बास. बाईच्या वाट्याला घरात थोडंसंच आजारपण येतं, आणि माझ्या वाट्याचं मी वापरून टाकलं होतं.

म्हणून त्यानंतर जे सुरू झालं ते मी कुणाला सांगितलंच नाही. धुणं घेऊन गच्चीवर निघाले की अर्ध्या जिन्यात दम लागायचा. डाव्या दंडात ओढ लागायची, कधी ती जबड्यापर्यंत यायची. छातीत जळजळायचं. नागीण गेली तरी तिची कळ कित्येक महिने मागे राहते, हे सगळ्यांनाच माहीत असतं. बाजूही तीच, डावी. मग काय, सगळं नागिणीच्या नावावर खपवलं. कुणी विचारलं, काय गं, चेहरा का उतरला? तर माझं ठरलेलं उत्तर होतं, "काही न्हाई." त्यात लग्नसराई तोंडावर आलेली, नवरीकडच्या बायांचे ब्लाउज अडकलेले. मी मशीनवरची चादर काढली आणि दंड चोळत चोळत शिवायला बसले.

एका सकाळी ओली सतरंजी घेऊन जिना चढताना घामानं चिंब झाले. पायरीवर बसले ते उठताच येईना. आत्याबाई खालून बघत होत्या.

"काय झालं गं? पांढरीफटक पडून राह्यली."

"काही न्हाई आत्याबाई. नागिणीचंच हाय."

"नागीण असा घाम काढती व्हय?" त्या म्हणाल्या आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली, "ए, जल्दी ये रे! हिच्याकडं बघ!"

शेजाऱ्यांच्या गाडीतून मला जालन्याला नेलं. छातीवर कुणीतरी पाट्यावरचा वरवंटा ठेवला होता आणि मी नवऱ्याला सांगत होते, डाळ भिजत घातलीय, आत्याबाईंना सांगा, आंबून जाईल.

हार्ट अटॅक होता. स्टेंट टाकला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. आत्याबाईही आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "नागीण असो की फ्लू, असा आजार येऊन गेला की बाहेरून माणूस बरं दिसतं, पण आतली सूज लगेच जात नाही. काही काळ हृदयाला धोका वाढलेला असतो. त्यात तुमचं बीपी आहे, पाळी गेलेली आहे. नागिणीमुळेच अटॅक आला असं मी ठाम सांगणार नाही. पण दंड दुखायला लागला तेव्हाच यायला हवं होतं. हृदयाचा जो भाग गेला तो काही परत येत नाही." पुढे ताप-खोकल्यापासून जपा म्हणाले. फ्लूची लस घ्या, घरात कुणाला ताप आला तर त्या माणसापासून लांब राहा. बीपीच्या गोळीचा विषय निघाला तेव्हा मी खाली बघितलं. ती मी आठवण झाली तरच घेत होते.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर आत्याबाईंच्या चेहऱ्याचं. रोज सकाळी टोकं तपासणारी ती बाई. कातडीवरचं तिनं सगळं बघितलं होतं. आतलं फक्त मला कळत होतं आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

घरी आले आणि पुन्हा तीच बाज. थोडं चालायचं, गोळ्या घ्यायच्या, जड उचलायचं नाही. पुन्हा तोच भाकरीचा आवाज आणि माझं अंग चोरणं. हिवाळा लागला तेव्हा आत्याबाई अचानक बदलल्या. एरवी माझ्या उशाशी बसून गल्लीच्या भानगडी सांगणारी बाई आता जवळ येईना. ताट दाराजवळच्या स्टुलावर ठेवायचं आणि निघून जायचं. तोंडावर पदर. विचारलं तर नुसती मान हलवायची. मला कळून चुकलं, कंटाळल्या. कोण नाही कंटाळणार? या वयात सुनेची सेवा करायची म्हणजे काय चेष्टा आहे? दिवसभर मी त्यांच्या बाजूनं स्वतःला शिव्या दिल्या. पण अपराधी वाटायलाही एक मर्यादा असते. ती संपली आणि मला राग आला.

तरातरा स्वयंपाकघरात गेले. "द्या ती परात इकडं. मीच करते. मेले तर मेले, तुमची तरी सुटका होईल!"

"लांब हो!" आत्याबाई एवढ्या जोरात ओरडल्या की मी जागच्या जागी थांबले. "जवळ यायचं न्हाई, सांगून ठेवते!"

पदर घसरला होता. डोळे लाल, ओठ सुकलेले. एका हातानं त्यांनी ओट्याची कड धरली होती.

"ताप हाय मला," त्या म्हणाल्या. "कालपासून अंग फुटून राह्यलं. तो डॉक्टर काय बोल्ला ते मी ऐकलं न्हाई का? तुला लागला मंग?"

"मंग सांगायचं की आत्याबाई!"

"सांगितलं असतं तर तू बाजेवर पडून राह्यली असती का?"

नसतेच राहिले.

नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. तो त्यांना दवाखान्यात दाखवून आला. व्हायरल ताप निघाला. त्यांची बाज बाहेरच्या खोलीत टाकली, माझी आत. मधलं दार उघडं, पण मी उंबरा ओलांडायचा नाही असा नवऱ्याचा हुकूम. ज्या बाईनं माझ्या फोडांना उघड्या हातानं लेप लावला तिच्या कपाळावर मला ओली पट्टीसुद्धा ठेवता येत नव्हती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा एक आवाज यायचा, मग बराच वेळ शांतता, मग नवऱ्याचं "अरे देवा."

"पाणी गरम घे रे पिठात," बाहेरच्या खोलीतून बसक्या आवाजात सूचना गेली.

मी पाय खाली सोडले. बाज करकरली.

"उठली का तू?"

"न्हाई." पाय परत वर घेतले. त्या गडबडीत डाव्या दंडात काहीतरी ओढल्यासारखं झालं. जुनीच ओढ, की नुसता भास, कळेना.

थोड्या वेळानं त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हापासूनचा; तापातही त्या तो विसरल्या नव्हत्या. "दंडाचं कसं हाय आज?"

एक बाई तापानं फणफणलेली, एक पुरुष पिठानं माखलेला, आणि त्यात मी अजून भर घालायची? "काही न्हाई" जिभेवर आलंच होतं. कसंबसं गिळलं.

"दुखून राह्यलाय," मी म्हणाले.

नवरा पिठाच्या हातानंच धावत आला. तव्यावरची भाकरी जळाली. मला पुन्हा जालन्याला नेलं, छातीला तारा लावल्या, रक्त तपासलं. तपासणीत काही निघालं नाही. दंड अवघडला होता, बस. येताना गाडीत मी मान खाली घालून बसले. नवऱ्याची रजा गेली आणि तापातली म्हातारी शेजारणीच्या भरवशावर टाकली, कशासाठी, तर अवघडलेल्या दंडासाठी.

आत्याबाई बाजेवर उठून बसल्या होत्या. मी दारातच थांबले. "काही न्हाई निघालं आत्याबाई. उगाच पळवलं सगळ्यांना."

"मंग बराबर झालं," त्या म्हणाल्या. "काही न्हाई हे डॉक्टरनं सांगायचं. तू न्हाई."