आकाशाकडे पाहणाऱ्या तलंगा

डॅन्यूब नदी समुद्राला मिळते तिथल्या त्या बेटावर फेव्रोनियाच्या कोंबड्यांचं नाव घरोघरी होतं. चाळीस वर्षं तिच्याच अंड्यांवर गावातली खुराडी भरत आली होती. कोंबड्यांना काय घालायचं हे विचारायला बायका तिच्याकडे येत आणि ती ऐटीत सांगे, "ताजा मासा ठेचून घाला. कच्चाच. माझ्या कोंबड्यांची पिसं चमकतात ती उगाच नाही!"

संत पेत्रूचा उपास लागला. मांस बंद, अंडी बंद, शनिवार-रविवार तेवढा मासा चाले. नवरा निकिफोर होडी भरभरून कार्प मासे आणू लागला आणि त्यांची आतडी, डोकी, बारकी मासळी सगळी कोंबड्यांपुढे पडू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या तीस तलंगांपैकी, म्हणजे तरण्या कोंबड्यांपैकी, सातजणी माना मागे टाकून, चोची वर करून बसल्या. उठेनातच.

शेजारची मार्फा कुंपणावरून म्हणाली, "तुझ्या कोंबड्यांनीपण उपास धरला की काय? बघ कशा देवाचा धावा करतायत."

फेव्रोनियाला हसू आलं नाही. संध्याकाळपर्यंत बारा झाल्या. तलंगा सोडल्या तर बाकी कोंबड्या म्हाताऱ्या. या तीस तलंगा गेल्या की तिच्या आईपासून चालत आलेली जात संपलीच.

"कापून टाकू," निकिफोर म्हणाला.

"आणि खाणार कोण? उपास सुटायला दोन आठवडे आहेत. हात तर लावून बघ!"

निरोप मिळताच सकाळच्या बोटीनं जनावरांची डॉक्टर इलिन्का आली. अगदी पोरगेलीशी. तिनं एका तलंगेची मान चाचपली आणि विचारलं, "आजी, खायला काय घालता?"

फेव्रोनियानं सांगितलं. ऐटीतच.

"मग बरोबर. कच्च्या कार्पमध्ये बी-वन जीवनसत्त्व मोडून टाकणारं द्रव्य असतं. त्यानं नसा लुळ्या पडतात. मासा उकडला की ते जातं."

"चाळीस वर्षं घालतेय मी!"

"पण रोज एवढा घालत होतात, आजी?"

इलिन्कानं बाराही तलंगांना बी-वनची सुई टोचली आणि पाण्यात कालवायला पूड दिली.

फेव्रोनिया खुराड्यासमोरच ठाण मांडून बसली. जेवणवेळेच्या सुमारास एकीची मान थरथरली, हळूहळू सरळ झाली, आणि ती चक्क उभी राहिली! मग दुसरी. मग एकदम तीन.

"निकिफोर, धाव! अरे चालतायत रे!"

निकिफोर ओल्या जाळ्यासकट धावत आला. फेव्रोनियाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती हसतही होती. दोन उठल्या नाहीत, पण दहा उठल्या.

तिनं उरलेली पूड कागदात बांधली आणि एप्रन न सोडताच मार्फाचं दार गाठलं. मार्फा अंगणात मासळीच ठेचत होती.

"ठेव तो दगड खाली. कच्चा मासा घालायचा नाही. कोंबड्या लुळ्या पडतात."

"अगं, तूच तर सांगितलं होतंस."

"मीच सांगितलं होतं," फेव्रोनिया म्हणाली. "चुकीचं सांगितलं. पातेलं चढव चुलीवर. मला अजून एकोणीस घरं फिरायची आहेत."