सालोमीमावशींची चांदणी

नाताळच्या चांदणीला कागद लावण्याआधी सालोमीमावशी तिचा नुसता सांगाडा खिडकीच्या गजाला अडकवून ठेवत आणि दिवसभर त्याच्याकडे बघत राहत. भाजी निवडता निवडता बघत, कपडे वाळत घालता घालता बघत. संध्याकाळपर्यंत एखादा कोपरा डोळ्याला टोचला, की सगळे दोरे कापून पुन्हा बांधायला घेत. लग्न होऊन मी अमळनेरहून सुरतला, कोसाडच्या वसाहतीत आले, तेव्हा त्यांची माझी पहिली गाठ अशाच एका दिवशी पडली. आमच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच त्यांची खोली. मी गच्चीवर कपडे घेऊन निघाले होते. आतून आवाज आला, "पोरी, इकडे ये. ही वाकडी दिसते का बघ."

नवी सून मी. कोणी काही विचारलं की 'छान आहे' म्हणावं, एवढं माहेरी शिकवलेलं. तसं म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "छान आहे का, असं मी विचारलं नव्हतं. वाकडी आहे का, असं विचारलं."

मग मी नीट पाहिलं. चांदणीचा डावा हात जरासा खाली उतरला होता. भीत भीत तसं सांगितलं. मावशींनी सुरीनं दोरा कापला, बांबूची काडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बस. इथं घट्ट धर." माझे ओले कपडे त्या दिवशी बादलीतच राहिले.

सालोमीमावशी मूळच्या नवापूरकडच्या. पतीला जरीच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून दोघं सुरतेत आली, कतारगामला भाड्यानं राहिली. पुढे पती वारले. मावशींनी एका प्रसूतिगृहात आया म्हणून नोकरी केली आणि मुलाला, याकोबला, शिकवलं. तो पुण्याला नोकरीला लागला. त्यानं कितीदा बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. "पाहुणी म्हणून चार दिवस बरी असते मी," म्हणत, "पाचव्या दिवशी मला माझी चूल लागते." उंचीनं बेताच्या, पण चालत अशा ताठ की जिन्यात समोरून येणारा माणूस आपोआप भिंतीला लागे. नऊवारी नेसत नसत, साधी गोल साडी, पण तिच्या निऱ्या कधी हललेल्या मी पाहिल्या नाहीत.

चांदणी विकत का घेत नाही, हे मी त्यांना एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली. पन्नास-पंचावन्न सालच्या आसपासचा काळ. त्यांचे वडील मिशनच्या आवारात माळी होते. दर नाताळला तिथल्या मडमेकडे परदेशातून एक खोका येई. त्यात काचेचे रंगीत गोळे, चकचकीत झालरी. मोठ्या झाडावर त्या लावल्या जात आणि आवारातली मुलं हात मागे बांधून लांबून बघत. शिवायचं नाही, असा दंडक होता. एका वर्षी तो खोका उघडला तर आत सगळा चुरा. एक गोळा शाबूत नव्हता. मडम तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. घरापासून इतकी दूर राहणारी बाई, तिला त्या गोळ्यांत काय दिसत असेल ते तिलाच ठाऊक.

"माझे वडील तिला म्हणाले, मॅडमसाहेब, चहाच्या पेटीतला चंदेरी कागद तेवढा द्या," मावशी सांगत. "बाकीचं आम्ही बघतो. मग काय, सगळं आवार कामाला लागलं. कापसाची बोंडं त्या कागदात गुंडाळली, गुंजांच्या माळा केल्या, ताडाच्या पानांचे पक्षी केले. रंगीत कागदाच्या साखळ्या खळीनं चिकटवल्या. मातीचे बैल तर आम्ही पोळ्याला करायचोच, तेच बाळ येशूच्या गव्हाणीत ठेवले. आणि बापानं बांबूची चांदणी केली, माझ्यापेक्षा उंच. आत कंदील ठेवून दोरीनं वर चढवली. पार नदीपलीकडची माणसं ती बघायला आली. त्या वर्षी झाडाला हात लावू नका, असं कोणी म्हणालं नाही. कारण झाडावरचं सगळं आम्हीच केलेलं."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्यालाही ताठ बसावंसं वाटावं. पुढच्या वर्षी मडमेनं खोका मागवलाच नाही, हे त्या शेवटी आवर्जून सांगत.

सुरतेत चहाच्या पेट्यांचा तो कागद मिळेना, तेव्हा पतीच्या कारखान्यातल्या जरीच्या टाकाऊ तारेची त्यांनी झालर केली. कागद पतंगाचा. डिसेंबर लागला की इथं उत्तराणचे, म्हणजे संक्रांतीचे, पतंगवाले रस्त्यावर मांडून बसतातच. त्यांच्याकडून मावशी कागद आणत, उजेडाकडे धरून एकेक निवडून. बांबूच्या दोन चांदण्या पाठीला पाठ लावून बांधायच्या, मधे आखूड काड्यांचा टेकू द्यायचा, म्हणजे पोट फुगतं आणि आत दिवा मावतो. "चांदणीला पोट हवं," त्या म्हणत. "सपाट चांदणी उपाशी दिसते."

आमच्या इमारतीत निम्मी घरं खान्देशी. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईला माझ्या सासूबाई स्वतः वर जाऊन मावशींना घेऊन आल्या. मावशींनी चौरंगामागे कागदी साखळ्यांची अशी कमान उभी केली, की पलीकडच्या इमारतीतल्या बायका बघायला आल्या. एकीनं हळूच विचारलं, ख्रिस्ती बाईचा हात कसा चालतो. सासूबाई साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्या अहिराणीत मावशींना म्हणाल्या, "बाई, तू नही उनी ते कानबाई उघडी दिसी." तू आली नाहीस तर देवी उघडी दिसेल, असं ऐकल्यावर विषय तिथंच संपला. आरतीच्या वेळी मात्र मावशी दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी नंतर विचारलं, वाईट वाटलं का. "वाईट कशाचं?" त्या म्हणाल्या. "माझा देव मला ठाऊक आहे, तुझ्या सासूची देवी तिला. सजावट दोघांना लागते."

एकदा याकोब पुण्याहून मोठी प्लास्टिकची चांदणी घेऊन आला. बटण दाबलं की सात रंग बदलायची. आईचे हात आता थकले, असा त्याचा प्रेमाचा हिशेब. मावशींनी ती चालू करून पाहिली, बंद करून पाहिली. "छान आहे," म्हणाल्या. "दुकानात असेल तशीच इथंही दिसते." मुलाचं मन मोडू नये म्हणून त्यांनी ती घरात, कपाटावर लावली. दारावर मात्र बांबूची. याकोब माझ्याकडे बघून हसला. त्याला उत्तर आधीच ठाऊक असावं.

त्यांच्या चर्चची मोठी चांदणी कित्येक वर्षं मावशीच करत. मग तिथल्या तरुण मंडळींनी ठरवलं की आता सजावट बाहेरच्या लोकांना द्यायची. वाईट हेतूनं नव्हे. मावशींना त्रास नको, त्यांचा सत्कार करू, असं ठरलं. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले होते. नाव पुकारल्यावर मावशी पुढे गेल्या. शाल अंगावर घालायला एक जण पुढे झाला, तेव्हा त्यांनी ती हातानं थांबवली. आवाज न चढवता गुजरातीत म्हणाल्या, "शाल पांघरून बसवायचं असेल, तर मला अजून थंडी वाजत नाही." आणि नमस्कार करून जागेवर येऊन बसल्या. प्रार्थना शेवटपर्यंत केली. मग आम्ही रिक्षानं निघालो. अमरोली ओलांडल्यावर मी बघितलं, डोळे पुसत होत्या. मी हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही, एवढंच.

घरी आल्यावर म्हणाल्या, "मंगला, या वर्षी गच्चीवर लावू. चर्चची असायची तेवढीच मोठी."

बातमी पसरली आणि इमारतीच्या कमिटीचे ठाकोरभाई वर आले. वायरमनचं काम करणारे, बोलायला मऊ. म्हणाले, माँजी, घरात काय हवं ते करा, पण गच्ची सार्वजनिक. आज तुम्ही चांदणी लावाल, उद्या दुसरा काही लावेल, परवा भांडणं होतील. त्यापेक्षा गच्ची कोणाचीच नको. बोलणं खोटं नव्हतं. हल्ली कशावरून काय होईल, सांगता येत नाही. आम्हा बायकांना मात्र राग आला. आम्ही म्हटलं, मावशी, आम्ही सगळ्या जाऊन त्यांच्याशी बोलतो. मावशींनी साफ नाही म्हटलं. "माझ्यासाठी कोणी रदबदली करायची नाही. मला तोंड आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठाकोरभाईंच्या दारात गेल्या. मी मागे होते. मावशी म्हणाल्या, "ठाकोरभाई, गच्ची कोणाची नाही, असं म्हणू नका. सगळ्यांची आहे, असं म्हणा. जी जागा कोणाची नसते, तिथं कचरा साठतो. उत्तराणला तुमची मुलं माझ्या डोक्यावर दिवसभर नाचतात, मी कधी तक्रार केली? उलट तिळाची चिक्की पाठवते. मी तुमच्याकडे परवानगी मागायला आले नाही. मला शिडी हवी आहे. ती इमारतीत फक्त तुमच्याकडे आहे."

ठाकोरभाईंनी खुर्ची पुढे केली. त्यांच्या बायकोनं आतून चहा आणला. मावशींनी बसून तो प्यायला, कप ठेवला आणि वर आल्या. त्या दिवशी काही झालं नाही. मला वाटलं, संपलं. पण मावशी काड्या तासत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मावशींनी दार उघडलं तर शिडी भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि तिच्या पायरीला नवी वायर आणि होल्डर बांधलेला.

ती चांदणी आम्ही सगळ्यांनी केली. एवढा मोठा सांगाडा खोलीत मावेना, म्हणून जिन्याच्या चौकात बसलो. कोणी खळ शिजवली, कोणी कागद कापला. मावशी मधे पाटावर बसून एकेकीला उठवत होत्या, "हे चुरगळलं, काढ. देव पाठीमागूनही बघतो." माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे वर चढवत नव्हतं, तरी त्या आल्या आणि साखळ्या करत बसल्या. वर चढवली तेव्हा ठाकोरभाईच शिडीवर होते. दिवा लागला. कोसाडच्या त्या एकसारख्या, एकाच रंगाच्या इमारतींमध्ये आमची इमारत कुठली, हे रिक्षावाल्यांना समजावून सांगता सांगता आमची वर्षं गेली होती. त्या महिन्यात ते विचारायला लागले, "चांदणीवाली इमारत?" आम्ही मान वर करून 'हो' म्हणायचो.

दोन नाताळ असे गेले. मग चर्चमधली तीच मंडळी आली. भाड्यानं आणलेली सजावट कोणाच्या मनात भरली नव्हती. त्यांनी मावशींना पुन्हा यायची विनंती केली. मला वाटलं, आता या चांगलंच सुनावणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मी येणार नाही. तुम्ही इथं या. करायला शिकाल, आणि तुमची चांदणी खांद्यावर घालून घेऊन जाल." आणि ते आले. कॉलेजातली मुलंमुली आमच्या जिन्यात आमच्या बायकांशेजारी बसून बोटं चिकट करत राहिली. मावशींनी त्यांना पहिल्या दोन चांदण्या पुन्हा सोडायला लावल्या. तिसरी पसंत केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी झोपेतच. याकोब पोचला तोवर आमच्या बायकांनी घर झाडून-सारवल्यासारखं लख्ख करून ठेवलं होतं. मावशींना पसारा चालला नसता.

दफनाला आमच्या इमारतीतल्या बायका निघाल्या. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, पण कोणी कोणाला विचारलं नाही. कब्रस्तानात आम्ही एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन उभ्या होतो. पाळक नवे होते, त्यांनी मावशींना फारसं पाहिलेलं नसावं. गुजरातीत ते चांगलं बोलले. म्हणाले, एका गरीब विधवेनं साधेपणानं दिवस काढले, देव तिला विसावा देवो. मग कोणाला काही बोलायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. याकोबला बोलवेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी कधी चार माणसांत बोललेली नाही. तरी पुढे झाले. मराठीतच बोलले, दुसरं मला नीट येत नाही. म्हटलं, "साहेब, आमच्या इमारतीत मावशींना कोणी गरीब म्हणत नव्हतं. त्यांनी कोणाकडे काही मागितलं नाही. त्यांच्याकडे मात्र आम्ही सगळ्या मागायला जायचो. कानबाईची कमान त्यांची, बारशाचा पाळणा त्यांनी सजवलेला, उत्तराणची चिक्की त्यांची. सण कसा करायचा ते त्यांनी आम्हाला शिकवलं. त्यांचाही, आमचाही. त्या आमच्या शेजारी राहत होत्या, एवढं तरी आम्हाला कायम सांगता येईल."

एवढं बोलून मागे सरले. मग चर्चमधल्या एका म्हाताऱ्या माणसानं हळू आवाजात 'आमेन' म्हटलं. चांदणी करायला आलेल्या मुलांनी म्हटलं. आणि मग माझ्या पाठीमागून सासूबाईंचा आवाज आला, त्यांच्या त्या खणखणीत अहिराणी सुरात, "आमेन." त्यांच्यानंतर आमच्या सगळ्या बायकांनी, एकीमागून एकीनं, तो शब्द उच्चारला.