मिठाच्या ट्रकचा सेल्फ

मी लग्न होऊन पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात आले तेव्हा आमच्या दारात ट्रक उभा असायचा. नव्वदीची सुरुवात होती. नवऱ्याने आणि माझ्या थोरल्या दिरांनी मिळून तो जुना घेतला होता. दीर मिठागरात राबायचे, नवरा मीठ भरून रोह्याच्या कंपन्यांना पोचवायचा. सासरे लवकर गेले, म्हणून नवऱ्याला वाढवलं ते दिरांनी आणि माझ्या थोरल्या जावेनं. दीर खाली बसले असतील तर नवरा कधी खाटेवर बसायचा नाही.

त्या हिवाळ्यात ट्रक सकाळी सुरू होईनासा झाला. बटण दाबलं की सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, घर्र... घर्र... करत इतकी हळू फिरायची की इंजिनाला जोरच मिळायचा नाही. कधी कसंबसं सुरू व्हायचं, कधी तसंच दमून थांबायचं. बॅटरी म्हातारी झाली, असं आधी सगळ्यांना वाटलं. नवऱ्याने ती पेणला नेऊन चार्ज करून आणली. फरक पडला नाही.

एका सकाळी तो मला म्हणाला, "समोर हुभी ऱ्हा गो. मी सेल्फ मारतो, दिवं मंद होतान का बघ."

मी ट्रकसमोर उभी राहिले. सेल्फ कण्हत होता, पण दिवे जसेच्या तसे. डोळ्यांवर येत होते.

"नाय होत मंद," मी सांगितलं.

"मग सेल्फच गेला," तो म्हणाला.

सेल्फ काढून पेणच्या गॅरेजात नेला. आतलं झिजलेलं सगळं बदलून घेतलं. परत बसवला तरी आवाज तोच. गॅरेजवाला म्हणाला, जुनं इंजिन आहे, जड झालंय, आता असंच चालायचं. तेव्हापासून ट्रक खाडीच्या बांधाच्या उतारावर उभा राहू लागला, चाकाखाली दगड लावून. सकाळी मिठागरात जाताना दीर दगड काढायचे, ट्रक उताराला लागायचा, नवरा गिअर टाकायचा आणि इंजिन सुरू व्हायचं. आम्हाला त्याची सवय झाली. एवढं रोज करावं लागतंय म्हणजे काहीतरी बिघडलंय, हेच विसरायला झालं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी ट्रक मिठाने भरलेला होता. मी डबा घेऊन बांधावर पोचत होते. दीर वाकून दगड ओढत होते. रात्रीतून हवेवर चालणाऱ्या ब्रेकची हवा उतरली होती आणि हँडब्रेक त्या वजनाला पुरला नाही. दगड पुरता निघायच्या आतच चाक फिरलं आणि त्यांच्या पावलावर चढलं. दिरांचा आवाज मोठा नव्हता. ते फक्त म्हणाले, "थांब रे." ट्रक थांबला तो खाली बांधाच्या चिखलात रुतल्यावर.

माती मऊ होती म्हणून पाऊल वाचलं. पायाची दोन बोटं मात्र पेणच्या दवाखान्यात काढावी लागली. व्हरांड्यात जाऊ माझ्या नवऱ्याला म्हणाली, "दगड रोज ह्येनीच काढायचा. एक दिस तू काढला असतास तर?"

 गाडी चालवायला नवराच हवा होता, हे तिलाही ठाऊक होतं.

दीर घरी आले आणि ओटीवर पडून राहू लागले. ट्रक चिखलातून ओढून अंगणात आणला होता. नवरा दोन घास खाऊन त्याच्याखाली शिरायचा. एका दुपारी त्याने मला हाक मारली.

"तू सांगितलेलंस ना, दिवं मंद नाय होत? म्हंजे बॅटरीत करंट हाय. त्यो सेल्फपर्यंत जातोय. बॅटरीकडं परत कसा येतो, त्ये मी बघितलंच नाय."

त्याने एक जाड केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला बांधलं, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला आवळलं. मला केबिनमध्ये बसून बटण दाबायला सांगितलं. मी भीतभीतच दाबलं. इंजिन एका दमात सुरू झालं. इतक्या महिन्यांत तो आवाज ऐकला नव्हता. मला हसू आलं. नवरा मात्र बराच वेळ खालून बाहेर आलाच नाही.

आला तेव्हा त्याच्या हातात तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी होती. इंजिन आणि चासी, म्हणजे ट्रकचा लोखंडी सांगाडा, जोडणारी; करंट तिच्यातूनच बॅटरीकडे परत यायचा. मिठाचं पाणी ट्रकच्या फळ्यांमधून वर्षानुवर्षं तिच्यावर ठिबकत होतं. हिरवी पूड झाली होती, दोन-चार तारा तेवढ्या शाबूत.

ओटीवरून दिरांनी विचारलं, "नवी बॅटरी टाकली का?"

"नाय, दादा."

"मग?"

नवऱ्याने पट्टी त्यांच्या हातात दिली आणि सगळं समजावून सांगितलं. दिरांनी ती बोटांत चुरडून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाले, "एवढंच व्हतं?"

"व्हय."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जावेने येऊन पट्टी उचलून बाहेर टाकली.

पुढे ट्रक रोज एका बटणात सुरू होऊ लागला आणि रोज सकाळी तो सुरू झाला की घरातलं बोलणं बंद व्हायचं. मिठागरात अनवाणी गाळ तुडवावा लागतो. जखम भरली तरी दिरांना खाऱ्या पाण्यात उभं राहवेना. त्यांनी रखवालीचं काम धरलं. भावाशी ते पाण्यापावसाचं, पोरांचं बोलायचे. ट्रकचं नाव काढायचे नाहीत. नवरा झोपेत दचकून पाय झाडायचा. मी विचारलं की म्हणायचा, काही नाही.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी दीर काठी टेकत आले आणि केबिनमध्ये चढून बसले. "रोह्याला जायचंय," म्हणाले. तिथे त्यांचं काही काम नव्हतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, काय बोलणं झालं. तो म्हणाला, नागोठणं मागं पडेपर्यंत दादा पाण्यापावसाचंच बोलत होते. पुढे खांब गावात चहा प्यायला उतरले तेव्हा म्हणाले, जी बोटं नाहीत तीच रात्री ठणकतात.

"तुमी काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणू? दुसरा चहा सांगितला," नवरा म्हणाला, आणि अंग धुवायला विहिरीवर गेला.