फुआतिनोचा चालू राहिलेला माइक

सावाई बेटावरच्या फाओतेआ गावात चालता न येणारे आहेत, ऐकू न येणारे आहेत, पाळकसाहेबांच्या प्रवचनात जागं राहता न येणारे तर ढिगाने आहेत. पण गाता न येणारा माणूस नाही. लेकरू अंगावरचं दूध सोडतं न सोडतं तोच आईच्या खालचा सूर धरतं. अशा गावात फुआतिनो जन्माला आली आणि सूर कशाशी खातात हे तिला जन्मभर कळलं नाही.

पोरवयात ती पहिल्यांदा चर्चच्या गायनमंडळात उभी राहिली, तेव्हाच्या म्हाताऱ्या गायनप्रमुखांनी दोन ओळी ऐकल्या आणि ते हळूच तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "बाळ, तोंड छान उघडतेस. तेवढंच उघडत जा." पुढे ते वारले आणि हे गुपितही त्यांच्याबरोबर गेलं. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा लेमाना आला. फुआतिनो दर रविवारी पांढरा झगा, पांढरी टोपी घालून दुसऱ्या रांगेत उभी राहायची आणि नुसतं तोंड हलवायची. लेमाना बाकीच्या बायकांवर खेकसायचा, "शिका जरा तिच्याकडून! इतक्या वर्षांत एकदा तरी बेसूर झालीय का?" फुआतिनो टोपी कपाळावर आणखी पुढे ओढायची.

ती गायची फक्त घरात, संध्याकाळच्या 'सा'च्या, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनेच्या वेळी. दिवेलागणीला शंख वाजला की रस्ता ओस पडतो, जो तो आपल्या घरात चटईवर बसतो आणि घराघरांतून एकदम गाणं उठतं. त्या कल्लोळात फुआतिनोने कितीही गळा मोकळा सोडला तरी शेजारच्या डुकराला पत्ता लागत नसे. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, ही देवाची कृपा. नवऱ्याला, सियाकीला, चांगलं ऐकू यायचं; पण त्याचा बायकोवर जीव होता.

अशा बाईच्या गळ्यात रेडिओ स्टेशन पडलं. पाळकसाहेबांच्या ऑकलंडमधल्या चुलतभावाने एक जुना ट्रान्समीटर बोटीने पाठवला. धक्क्यावर बायकांना वाटलं फ्रीज आलाय. मासे आत कुठे ठेवायचे यावर वादही सुरू झाला. यंत्र पाळकसाहेबांच्या चर्चचं, पण ते उंचावर हवं आणि टेकडी मेथडिस्टांची. टेकडीवर वीज न्यायची तर तार कॅथलिकांच्या सभागृहावरून. तेव्हा स्टेशन तिघांचं झालं आणि भांडणंही तिघांची. तिन्ही मंडळ्यांची कॅसेटवर भरलेली गीतं सारखाच वेळ वाजली पाहिजेत असं ठरलं. मेथडिस्ट एकेक कडवं असं काही ताणायचे, की कॅथलिक मंडळी घड्याळ घेऊन रेडिओसमोर बसायची.

निवेदक कोण होणार? कोणी पुढे येईना, कारण तालमीच्या वेळीच कार्यक्रम, आणि तालीम चुकवायला गावात कोण तयार होणार? फुआतिनोने हात असा झटकन वर केला की शेजारणीची टोपी उडाली. तालमीतून सुटका! तिच्याच घराच्या मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले, टेबलावर माइक मांडला, तिथून टेकडीपर्यंत तार ओढली आणि स्टेशन सुरू झालं.

बोलण्यात बाई पक्की. बोट कधी येणार, कोणाकडे बारसं, कोणाचा बैल सुटला, हे ती दोन गीतांच्या मधे असं सांगायची, की लोक गीत संपायची वाट बघू लागले. संध्याकाळी बाहेर शंख वाजला की ती प्रार्थनेचं पहिलं गीत लावायची आणि सगळा किनारा रेडिओबरोबर गायचा. मग ती माइक बंद करून पुढच्या खोलीत घरच्यांबरोबर प्रार्थनेला बसायची. घरोघर आपापलं गीत आणि प्रार्थना होईपर्यंत रेडिओ गप्प. लोक तो चालूच ठेवायचे, कारण शेवटचं गीतही तिनेच लावायचं असे. फक्त तिच्या घरातला रेडिओ बंद असायचा, नाहीतर माइकजवळ तो शिट्ट्या मारायचा.

त्या शुक्रवारी पहिलं गीत संपत आलं आणि सासूबाईंनी आतून हाक मारली, "सूनबाई, चुलीवरचा तारोचा कंद करपतोय गं!" फुआतिनो उठली ती तशीच धावली. माइक चालू, दार सताड उघडं. आणि माइक नवा, मुंगी शिंकली तरी टिपणारा.

तारो उतरवून ती चटईवर बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. पुढचं सगळं तिला नंतर कळलं. किनाऱ्यावरच्या घराघरांत लोक गाता गाता एकेक करून थांबले. पाळकसाहेबांच्या घरी कुत्रं उठून बाहेर गेलं. एका म्हातारीला वाटलं रेडिओत बकरी अडकली. पण चारही कडवी झाली आणि मागून बोलण्याचा आवाज आला, तेव्हा कोणाला शंका उरली नाही.

"प्रभू," फुआतिनो म्हणत होती, "मेथडिस्टांच्या त्या जाड आवाजवाल्याचा खोकला बरा कर. नाहीच जमलं तर रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला मासे धरायला पाठव. आमच्या पाळकसाहेबांना प्रवचन सुरू करायची बुद्धी दिलीस, आता थांबवायचीही दे. कॅथलिकांची कॅसेट पावसात भिजली असं मी त्यांना सांगितलं, ते खोटं होतं. आमच्या डुकराने खाल्ली. क्षमा कर. डुकरालाही कर, त्याला काय कळतंय."

लेमानाचं घर रस्त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. बाई आणखी काय काय बोलणार या धास्तीने तो ताडकन उठला आणि माइक बंद करायला निघाला. रस्त्यावर 'सा'चा पहारा करणारा त्याचाच भाचा इओसुआ काठी आडवी धरून उभा.

"मामा, आत जा. सा चालू आहे."

"अरे गाढवा, रेडिओ ऐकू येत नाही का? तिचा माइक बंद करायचाय!"

"ऐकू येतंय ना. पण सा मोडली तर टिनच्या माशांचा अख्खा खोका दंड. पंचायतीत हा नियम कोणी करवून घेतला?"

"मी करवून घेतला."

"मग आत जा की!"

लेमाना दातओठ खात परत फिरला. गावात एकालाही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना, आणि प्रार्थना चालू असताना रेडिओ बंद करायला हात पुढे करणं कोणाला जमेना. निदान सगळ्यांनी नंतर तसं सांगितलं. लेमाना चटईवर बसला, आणि आता त्याचीच पाळी आली.

"लेमानाला शांत ठेव, प्रभू. तो चांगला माणूस आहे. मला दुसऱ्यांपुढे नावाजतो, तेव्हा मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. तुला माहीत आहे, मी नुसतं तोंड हलवते. त्याच्या वडिलांनीच सांगितलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. मला सुराची देणगी दिली नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा, मरायच्या आधी एकदाच, सगळ्यांच्या मधे उभी राहून मोठ्याने गायचंय रे. एवढंच. आमेन."

ती शेवटचं गीत लावायला मागच्या खोलीत आली आणि माइकचा लाल दिवा दिसला. मग खुर्चीत बसून माइकमध्ये म्हणाली, "अगं बाई!" गीत न लावताच तिने बटण दाबलं.

शनिवारी माणसांची रीघ लागली. ती आतून कडी लावून बसलेली, पायरीवर सियाकी. मेथडिस्टांचा जाड आवाजवाला खोकत आला, "मासे धरायला कुठे जाऊ, ते विचारा." कॅथलिकांनी तर रीतसर मागणी केली, "आमची गीतं तुमच्या डुकराच्या पोटात आहेत. म्हणजे डुक्कर आमचं." सियाकीने भांडण न करता दोरी सोडून डुक्कर त्यांच्या हाती दिलं. पाळकसाहेब आले, घुटमळले आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. त्यांचं एवढं आटोपशीर बोलणं गावाने आजवर ऐकलं नव्हतं.

"निवेदक मीच राहू का, असं विचारलं का कोणी?" आतून फुआतिनोने विचारलं.

"आज कार्यक्रम किती वाजता, एवढंच विचारतायत सगळे," सियाकी म्हणाला.

"आणि लेमाना?"

"तो नाही आला."

ती रडली. निवेदकाची जागा तर राहिली होती, पण गायनमंडळातली आपली जागा गेली हे तिने स्वतःच ठरवून टाकलं. इतकी वर्षं मुकाट उभी राहिली, ती निदान उभी तरी होती. आता तेही नाही.

रविवारी ती पांढरा झगा न घालता, साध्या फुलाफुलांच्या कपड्यांत शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवशीचं गीत चर्चमधून थेट रेडिओवर जाणार होतं. मंडळ उभं राहिलं, दुसऱ्या रांगेत एक फट दिसत होती. लेमाना पाठमोरा उभा. त्याने हात उचलला, खाली घेतला आणि मान न वळवता म्हणाला, "दुसरी रांग अपुरी आहे. मी थांबलोय."

सियाकीने तिला कोपराने ढोसलं. सगळं चर्च बघत असताना ती फुलाफुलांच्या कपड्यांत पांढऱ्या झग्यांमधे जाऊन उभी राहिली. गीत सुरू झालं. सवयीने, भीतीने, तिने नेहमीसारखं तोंड उघडलं आणि नुसतं हलवलं.

पहिलं कडवं संपायच्या आत लेमानाने हाताने सगळ्यांना थांबवलं. माइक चालू होता; किनाऱ्यावरच्या घरात असलेल्या प्रत्येकाने ते ऐकलं.

"फुआतिनो," तो म्हणाला, "तुझा आवाज येत नाही."

त्याने पुन्हा हात उचलला. फुआतिनोने छातीभर श्वास घेतला आणि ती गायली, सगळ्यांच्या मधे, मोठ्याने, शेवटच्या कडव्यापर्यंत.