नाट्याचा मृदंग आणि न पडणारी फुलं

माझी मुलं मुंबईत गिरणीला लागली, एकानंही मृदंगाला हात लावला नाही. हे ताल आपल्याबरोबरच चितेवर जाणार, ही धास्ती. तेवढ्यात नाटे गावात मास्तर असलेल्या माझ्या भाच्याचा, सदूचा, निरोप आला, "मामा, देवळात पोरांना शिमग्याच्या नमनाचे ताल शिकवा. मासे मारणाऱ्या खारव्यांची पोरं, पोरीसुद्धा, सगळी बसतील." मी जेमतेम चौथी शिकलेला. तरी मृदंग घेऊन निघालो.

आमच्या पालीहून रत्नागिरीला मोटार मिळते. मागे बसू नका, धुरळ्यानं मिशा लाल होतात. पुढे आगबोट. ती मुसाकाजी बंदरात किनाऱ्याला लागत नाही, हलत्या पडावात, म्हणजे होडीत, उतरावं लागतं.

"आजोबा, आधी तुमी का आधी ढोलकं?" खलाशानं विचारलं.

"मृदंग आहे तो! आधी तोच घे. मी भिजलो तर वाळेन."

देवळात गाव जमला होता. शिकवायला हरकत कोणाचीच नव्हती, भांडण पहिल्या थापेच्या मानाचं. खोत म्हणाले, "थाप आमच्या नातवाची. मग कोणी बसायचं तेही आम्हीच ठरवू. खारव्यांची नकोत."

"होळीचा पहिला नारळ आमचा, तर थापही आमचीच," गावकर म्हणाले. "आणि खारव्यांची पोरं आम्हालाही नकोत."

सदूचा चेहरा उतरला.

शेवटी देवाला कौल लावला. बाबू गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर खोत, डावं पडलं तर गावकर. तोवर वर्ग सुरू नाही.

फूल पडेना.

"वारा घालू काय?" खोतांनी विचारलं.

"देवाला फितवता?" गावकर उसळले.

एकमेकांवर पहारा म्हणून दोघं सभामंडपातच जेवले, तिथंच निजले. देव माझ्यावरच कोपला असं मला वाटत राहिलं.

बाहेर पोरं कंटाळली. सदू म्हणाला, "मामा, मृदंगाला हात न लावता शिकवा की." मी मांडीवर ताल धरला. मग खारव्यांची पोरं, खोतांचा नातू, गुरवाची लेक चंद्री, सगळी आपापल्या मांड्या बडवू लागली. चंद्रीचा हात तर असा पडे की मी शिकवायचं विसरे.

"काय चाललंय रे?" खोत आतून ओरडले.

"काही नाही. वर्ग सुरू नाही."

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी गाभाऱ्याशी गेलो, तर बाबू हळूच फुलांवर पाणी शिंपडत होता. ओलं फूल पडत नाही. मला पाहून दचकला.

"देवाला उकडतंय वो," तो म्हणाला.

बाहेर चंद्रीची थाप ऐकू येत होती.

"डाव्या बाजूलाही उकडत असेल," मी म्हणालो.

मी निघेपर्यंत फुलं जागची हलली नव्हती. नाट्याला गेलात तर मासे खा, देवळात जा, पण कौलाचं विचारू नका.

घरी माझ्या काळ्यानिळ्या मांड्यांना तेल चोळताना बायकोनं विचारलं, "वर्ग सुरू झाला का?"

"देवाच्या कृपेनं नाही. सगळी पोरं येतात."

ताल तिथं राहिला. आता धास्ती एवढीच, बाबू गुरवाला ताप येऊ नये.