होडीच्या गाण्याचा वेग

सायगॉनमधल्या एका छोट्या कंपनीत कराओकेचे डबे बनतात, आणि त्या डब्यांच्या पोटातल्या घड्याळाचे ठोके सांभाळायचं काम तुयेतकडे. बटण दाबलं की डबा जागा होतो. तेव्हा आवाजाला किती वेगाने ठोके द्यायचे, स्क्रीनला किती, हे आतला कर्नल, म्हणजे डबा चालवणारा मूळ प्रोग्राम, एका तक्त्यात बघून ठरवतो. तो तक्ता तुयेतने लिहायचा आणि बाकीच्यांनी नासवायचा, अशी तिथली रीत! ज्याचं अडलं तो येतो, आकडा बदलून जातो, आणि सांगायचं नाव नाही.

सासूचं श्राद्ध आलं, म्हणून तिने नव्या डब्याचा नमुना घरी आणला. तिचे सासरे थुआन दरवर्षी त्या दिवशी जेवणं उरकली की बायकोच्या तसबिरीसमोर उभे राहून तिच्या आवडीचं होडीचं गाणं म्हणतात. अख्खी गल्ली ऐकते. यंदाही बर्फ घातलेल्या बिअरचा घोट घेऊन त्यांनी माईक उचलला. पहिल्याच ओळीला धाप लागली. वरच्या सुरावर आवाज चिरकला. पुतणे खी खी हसले.

थुआननी माईक खाली ठेवला. "संपलं," ते म्हणाले. "वर्षातून एकदा तिला ऐकवायचो, तेही गेलं."

मग त्यांनी डब्यावर टॉवेल टाकला आणि आत जाऊन पडले.

तुयेतला मात्र ते गाणंच घाईत वाटलं होतं. सोमवारी तिने डबा मोजून पाहिला. तक्त्यातला आवाजाचा आकडा बरोबर, प्रत्यक्षात मिळणारे ठोके जास्त, म्हणून गाणं पळत होतं आणि सूरही चढत होता! आवाज आणि स्क्रीन, दोघांचे ठोके एकाच मुळातून निघतात. मागाहून जागी होणारी स्क्रीन त्या मुळाचाच वेग वाढवत होती, आणि आवाज बिचारा तिच्यामागे फरफटत होता.

"तुंग!"

स्क्रीनचं काम बघणारा तुंग चहा घेऊन आला. "ताई, स्क्रीन थरथरत होती. जरासं वाढवलं."

"जरासं? अरे, एका टाकीवर दोन नळ, आणि तू टाकीच उचलून गच्चीवर नेलीस! गाणं कुणी ऐकलं नाही?"

"ऐकलं ना. मस्त जोशात वाटलं."

"जोशात! कपाळ माझं! माझ्या तक्त्यात खोटा आकडा चालणार नाही, एकाही डब्यात नाही. परत हात लावलास तर तंगडं मोडून ठेवीन."

तिने स्क्रीनला वेगळं मूळ दिलं, आवाजाचं मूळ कुलूपबंद केलं आणि रविवारी डबा सासऱ्यांपुढे ठेवला.

"बाबा, चूक आमची होती. तुमचा घसा बरा आहे. गा."

"पोरी, उगाच समजूत काढू नकोस."

"समजूत काढायला वेळ आहे का मला? गा म्हणते ना!"

म्हातारा कुरकुरत उठला. गाणं आता आपल्या नेहमीच्या चालीने येत होतं. पहिली ओळ छान गेली, दुसरीही. तुयेतच्या जिवात जीव आला. आणि वरच्या सुरावर आवाज पुन्हा चिरकला.

डब्यात काही खोट नव्हती. तिने स्वतः दोनदा मोजलं होतं. थुआन तसबिरीकडे बघेनात, तुयेतकडेच बघत राहिले.

"अजून काहीतरी राहिलंय," ती फणकाऱ्याने म्हणाली. "या तुंगचं काय करू मी! थांबा जरा, बसू नका."

तिने लॅपटॉप जोडला, आवाजाचा आकडा खाली आणला आणि डबा बंद करून पुन्हा चालू केला.

गाणं संथ आलं, सूरही उतरला. थुआननी डोळे मिटले आणि तो वरचा सूर धरला तो ओळ संपेपर्यंत सोडला नाही.

"बघ!" ते गरजले. "मी म्हणत होतो ना, घसा ठणठणीत आहे! तुमचं डबडंच भिकार. कसले तुम्ही इंजिनिअर!"

"हो बाबा. आमच्याच लोकांची चूक."

डबा घरी तसबिरीपाशीच राहिला. सोमवारी ऑफिसात नमुना परत मागितला, तेव्हा तिने मान वर न करता सांगितलं, जळला.